हीटरची मान

आमच्या गाडीत हीटर आहे असं सांगितलं की नवखा माणूस आधी हसतो. मे महिन्यात जिथे फडकं गुंडाळल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावता येत नाही, तिथे गाडीला हीटर कशाला? दिल्लीचा एक जानेवारी काढला की त्याचं हसू थांबतं.

गाडी विलायती, छोटी, दोनच दारांची. एका वकिलातीतला अधिकारी मायदेशी परतताना ती विकून गेला. मग ती एका कंत्राटदाराकडे होती, आणि कंत्राटदाराला तिची लाज वाटायला लागली तेव्हा बाबांकडे आली. आम्ही त्या वेळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे स्कूटर असणं म्हणजे माणसाचं बरं चाललंय आणि गाडी असणं म्हणजे माणूस खातो, असा सर्वसाधारण समज होता. बाबा खात नव्हते. त्यांनी आईच्या दोन बांगड्या मोडल्या होत्या. पण बांगड्या कुणाला दिसत नाहीत, गाडी दिसते, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं शेजारी त्यांच्याशी जरा जास्तच आदरानं वागले.

आता ती गाडी फरीदाबादला माझ्या घराच्या पोर्चमध्ये असते. बाबाही माझ्याकडेच असतात. आमच्या भागात पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की ती कचरा ठरते आणि पन्नास ओलांडली की वारसा. मधली पस्तीस वर्षं तिनं कुठे तोंड लपवून काढायची, हे नियमात लिहिलेलं नाही. आमच्या गाडीनं ती ताडपत्रीखाली काढली आणि ती वारसा झाली. बाबांनी ऐंशी ओलांडली, त्यांना असं काही कुणी जाहीर केलं नाही.

बाबांची नोकरी काय होती ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते एका मंत्रालयात होते आणि त्यांचं काम समारंभातल्या खुर्च्यांचं होतं. कोण कुठल्या रांगेत, कोण कुणाच्या उजवीकडे, कुणाची बायको कुणाच्या बायकोशेजारी बसली तर दुसऱ्या दिवशी फोन येईल, हे सगळं त्यांना पाठ होतं. खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून झाल्या की ते कनातीच्या मागे उभे राहत. कुणी आयत्या वेळी आलं नाही तर रिकामी खुर्ची भरायला माणूस लागतो. तेवढ्यासाठीही त्यांना कधी कुणी बोलावलं नाही, कारण त्यांच्या अंगावर बंद गळ्याचा कोट नसे. घरी आल्यावर ते या सगळ्याची इतकी सुंदर टिंगल करत की मला लहानपणी वाटायचं, सरकार हा करमणुकीचाच प्रकार आहे.

दादा माझा मोठा भाऊ. त्याला बाबांनी इंग्रजी शाळेत घातलं, कारण तो हुशार होता. मला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं, कारण घरात एकाला तरी नीट मराठी यावं असं आईचं म्हणणं होतं. या वाटणीतून दादा सहसचिव होऊन निवृत्त झाला, आणि मी भाषांतरकार झालो, म्हणजे दादासारख्यांनी इंग्रजीत जे टाळलं ते मी इतर भाषांत टाळत असे. दादाचं मराठी वाईट नाही. फक्त त्यातल्या नामांना नपुंसकलिंग नाही, आणि उरलेली दोन लिंगं हिंदीच्या हुकमानं चालतात. फोन लागला की तो विचारतो, “माझी आवाज येतेय ना?”

निवृत्त सहसचिवाला समिती लागते. अध्यक्ष केलं तर उत्तम, नाहीतर सदस्य तरी. दादाला ती हवी होती, आणि ज्यांच्या हातात ती होती त्यांचा उल्लेख तो फक्त ‘माननीय’ असा करतो. मीही तोच करतो. दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांची एक मिरवणूक निघते, तिला सगळे रॅली म्हणतात. या वेळी तिला झेंडा दाखवायला माननीय येणार होते. दिवाळी झाल्यावर दादा मिठाईचा डबा घेऊन फरीदाबादला आला तेव्हाच मला समजायला हवं होतं. एरवी तो मिठाई ड्रायव्हरबरोबर पाठवतो.

“बाबा, या वर्षी आपली गाडी रॅलीत लावू या,” तो म्हणाला. “एंट्री वगैरे मी बघतो.”

“चालवणार कोण?”

“ड्रायव्हर आहे ना माझा. बिल्कुल ट्रेन्ड आहे.”

बाबांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. “मग मी पुढे बसेन,” ते म्हणाले.

“अरे, म्हणजे काय! पुढची सीट तुमचीच. गाडी कुणाची आहे?”

“कबूल?”

“कबूल, बाबा.”

दादा गेल्यावर बाबांनी माझ्या बायकोला विचारलं की त्यांचा काळा कोट कुठे आहे. तिनं ट्रंकेतून काढला. कसरीनं बाहीला एक भोक पाडलं होतं, ते तिनं रफू करून आणलं. बाबांनी तो घालून पाहिला, आरशात नाही, तर पोर्चमध्ये, गाडीच्या काचेत. ती मला म्हणाली, “अहो, हे काही तरी वेगळंच आहे हं. बाबांना मी कधी असं बघितलं नाही.” मीही पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी खुर्च्यांची चेष्टा केली, त्यांना एक खुर्ची हवी होती. मला ते आवडलं नाही आणि त्यांना ती मिळावी असंही मनापासून वाटलं. दोन्ही एकदमच.

जानेवारीच्या सुरुवातीला मी त्यांना शेजारी बसवून गाडी सेक्टरात फिरवून आणली. हीटर लावला. थोड्या वेळानं समोरची काच आतून धुरकट झाली, पुसली तरी परत धुरकट, आणि गाडीत पाकासारखा गोडसर वास यायला लागला. घरी आल्यावर बाबांनी डावा पाय वर करून दाखवला. मोजा ओला होता, हिरवट पाण्यानं. हीटर गळत होता.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अशा गाडीचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांमधून आत येतं, डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या पेटीतून फिरतं आणि परत जातं; पेटीतला पंखा त्यावरची ऊब पायांवर सोडतो. ती पेटी नेमकी डाव्या सीटसमोर असते. म्हणजे गळती झाली की चालवणारा कोरडा राहतो आणि शेजारी बसलेला भिजतो.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, “यार, सिंपल आहे. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाक. हीटर बायपास. रॅलीत हीटर कोण बघतंय?”

बाबा शेजारूनच म्हणाले, “त्याला सांग, माझे पाय बघतायत.”

बाबांच्या पायांत रक्त नीट उतरत नाही. हिवाळ्यात ते घरातही दोन मोजे घालतात. धुक्यातल्या सकाळी उघड्या रस्त्यावर तासन्‌तास बसायचं तर हीटर हवाच होता. शिवाय त्यांच्या मते जी वस्तू गाडीत आहे ती चालली पाहिजे. मेकॅनिकला बोलवायला त्यांनी नकार दिला. “तो काढताना अर्धे स्क्रू हरवेल आणि उरलेले ठोकून बसवेल. आपण करू.” आपण म्हणजे मी. त्यांचे हात आता थरथरतात. त्यांनी पोर्चमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची मांडून घेतली, अंगावर घोंगडी घेतली आणि मला कामाला लावलं.

आधी रेडिएटरचं पाणी घमेल्यात सोडलं. त्यात थंडीसाठी घातलेलं औषध असतं, त्याचाच तो गोड वास. गल्लीतली कुत्री लगेच फाटकाशी जमली. “झाक ते,” बाबा म्हणाले, “गोड म्हणून पितील आणि मरतील.” मी घमेल्यावर पाट ठेवला. मग नळ्यांच्या क्लिपा सैल केल्या. नळ्या इतक्या वर्षांत लाकडासारख्या झाल्या होत्या.

“ओढू नकोस. पिळ.”

“पिळतोच आहे.”

“तू ओढतोयस. इथून दिसतंय मला.”

मी ओढतच होतो. पिळायला लागल्यावर पहिली नळी सुटली. दुसरी सुटेना, ती मी ब्लेडनं उभी चिरली. पुढचं काम आतलं. पेटीचे स्क्रू डॅशबोर्डच्या पोटात, आणि त्यांच्याकडे पाहायचं तर माणसानं डोकं पाय ठेवायच्या जागेत घालून पाय सीटच्या पाठीवरून वर सोडायचे. मी पंचावन्न ओलांडलेला गृहस्थ आहे. शेजारच्या बाई फाटकावरून विचारून गेल्या, “भाईसाब ठीक हैं?” माझी बायको म्हणाली, “जी, ये योगा कर रहे हैं.”

शेवटी पेटी निघाली. तिच्यातून बाबांच्या हातावर मावेल एवढा पितळी रेडिएटर निघाला. त्याला दोन आखूड नळकांडी होती, सुरईला असते तशी मान. आम्ही तो टबात बुडवला. एका नळकांड्यावर मी अंगठा धरला, दुसऱ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून फुंकलं. जिथे मान अंगाला जोडली होती तिथून बुडबुड्यांची एक माळ वर आली. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी घोंगडी बाजूला केली. जाळी धड होती, सांधा तेवढा तडकला होता. डाख दिला, म्हणजे शिसं वितळवून सांधा बुजवला, की झालं असतं.

त्याच वेळी दादा आला. रविवार होता. तो कानाला फोन लावूनच गाडीतून उतरला, आमच्याकडे पाहून त्यानं हात केला आणि पोर्चमध्ये येऊन उभा राहिला. पलीकडे रॅलीचा कुणी सचिव असावा, कारण दादा सारखं “जी, जी, माननीय तो आएँगे ही” म्हणत होता. मग त्यानं फोनवर हात ठेवून विचारलं, “बाबा, ते पुढच्या सीटचं जरा बोलायचं होतं. ते लोक विचारतायत…”

बाबांचं लक्ष टबात होतं. ते मला म्हणाले, “मान गेली आहे.”

दादानं फोनवरचा हात काढला. “हाँ जी,” तो म्हणाला, “मान गए. पापा मान गए.”

मला हसू आलं. बाबा मान वर करून दादाकडे बघायला लागले. मी त्याला सांगितलं की गेली आहे ती हीटरची मान, स्त्रीलिंगी, इथे हे नळकांडं आहे ना, ती. दादाही हसला. “अच्छा, हीटरचा मान गेला?” तो म्हणाला. बाबा म्हणाले, “हीटरचा मान शाबूत आहे रे. मान गेलीय.” यावर आम्ही तिघंही हसलो, माझी बायको चहा घेऊन आली तर तिलाही सांगितलं, आणि तीही हसली. चहा पिऊन दादा गेला. पुढच्या सीटचं काय बोलायचं होतं, ते त्यानं परत काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही विनोदात होतो.

डाखाला दोन दिवस गेले. पहिल्यांदा मी शिशाची तार थेट ज्योतीत धरली. शिशाच्या गोळ्या झाल्या आणि सांध्यावरून मोत्यांसारख्या घरंगळल्या.

“शिसं नको तापवूस,” बाबा म्हणाले. “पितळ तापव. पितळ तापलं की शिसं आपणहून जातं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“रेडिओ दुरुस्त करायचो ना मी. मंत्रालयातल्या सगळ्या साहेबांचे रेडिओ माझ्याकडे यायचे. त्या कामासाठी मला आत बोलवायचे, सोफ्यावर बसवायचे.” मग जरा थांबून ते म्हणाले, “सोफ्याच्या कडेला.”

मी पितळ पॉलिश पेपरनं घासून सोन्यासारखं केलं. आतलं पाणी पूर्ण जावं म्हणून ते गॅसवर तव्यावर ठेवून सुकवलं. त्याबद्दल बायकोनं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तवा पोळ्यांचा होता. मग परत ज्योत धरली. एका क्षणी तारेचं टोक मऊ झालं आणि शिसं सांध्याभोवती सरकन फिरून गेलं. बाबा खुर्चीतून पुढे वाकले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं तो थंड झालेला रेडिएटर टबात बुडवला आणि मी फुंकलं. एकही बुडबुडा आला नाही.

बसवणं हे काढण्याहून वाईट असतं. तेही झालं. नव्या नळ्या, नव्या क्लिपा, नवं पाणी. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. बाबा डाव्या सीटवर जाऊन बसले, बूट काढून, मोज्यांचे पाय पेटीखाली धरून. मी बाहेर पाण्याची पातळी बघत होतो. बऱ्याच वेळानं ते आतून म्हणाले, “आली.” ऊब आली होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. माझे हात ओले, म्हणून मी तो बॉनेटवर ठेवून स्पीकरवर घेतला.

“झालं का?”

“झालं. एक थेंब नाही.”

“शुअर ना? पॅसेंजर साइडला एकदम ड्राय पाहिजे हं. माननीयांचे शूज, समज, खराब झाले तर माझी काय इज्जत राहील.”

मी म्हटलं, “माननीयांचे बूट आपल्या गाडीत कशाला?”

“अरे, ते आपल्याच गाडीत बसणार आहेत. झेंडा दाखवून पूर्ण रूट. तेवढ्यासाठी तर एवढं सगळं केलं ना.”

“आणि बाबा?”

“बाबांना पहिल्या रांगेचा पास आहे. शामियान्यात. सोफा आहे यार, गाडीत काय आरामात बसणार ते?”

“ते मागे तरी बसतील?”

“मागे सिक्युरिटीचा माणूस. आणि दोन दारांची गाडी, बाबांचे गुडघे… तूच सांग.”

“दादा, तू कबूल केलं होतंस.”

“अरे पण नंतर बाबाच मान गए ना. तुझ्यासमोर. मी विचारलं, ते म्हणाले, मी त्यांना फोनवर लगेच कन्फर्म केलं. आता कसं बदलू?”

“ते हीटरबद्दल बोलत होते. तू हसलास की त्यावर.”

मग दादा म्हणाला, “मला वाटलं, हीटरचं पण म्हणाले आणि सीटचं पण.”

देशातली सर्वांत कठीण समजली जाणारी परीक्षा पास झालेला माणूस हे बोलत होता. तो खोटं बोलत होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी आयुष्यभर शब्दांचे असे घोटाळे निस्तरण्याचा पगार घेतला आहे, आणि माझा अनुभव असा की साहेबांना चुकीचं ऐकू येतं ते बहुधा सोयीचं असतं. दादानं चुकून ऐकलं असेल. पण चूक कळल्यावर त्याच्याकडे एक चहा पिण्याइतका वेळ होता, आणि तो चहा तो आमच्याबरोबर हसत प्यायला.

गाडीचं दार उघडं होतं. बाबांनी सगळं ऐकलं होतं. मी फोन बंद करून त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते बूट घालत होते.

“प्रोटोकॉलप्रमाणे बरोबरच आहे,” ते म्हणाले. “दोन दारांची गाडी असेल तर मुख्य पाहुणा पुढे. मागे घुसवता येत नाही त्याला, पार्श्वभाग दिसतो लोकांना.”

“बाबा, गाडी द्यायचीच नाही. मी किल्ली देत नाही.”

“कबूल केलंय मी.”

“त्यानंही केलं होतं.”

“त्याचं तो बघेल.” त्यांनी लेस बांधायला पाय माझ्यापुढे केला. “आणि मी त्या सोफ्यावर वगैरे जाणार नाही. पहिली रांग म्हणजे काय असते ते मला माहीत आहे. ज्यांना कुठेच बसवता येत नाही त्यांना पहिल्या रांगेच्या टोकाला बसवतात.”

माझ्या बायकोनं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली की ती स्वतः भाऊजींना फोन करून सांगते. बाबांनी तिलाही थांबवलं. तिनं काळा कोट परत ट्रंकेत ठेवला, आणि ट्रंकेचं झाकण जरा जोरात लावलं.

रॅलीच्या सकाळी धुकं होतं. दादा त्याच्या ड्रायव्हरला घेऊन आला. ड्रायव्हरला पांढरा गणवेश आणि डोक्याला तुरेदार फेटा दिला होता, बिचारा स्वतःच्या लग्नाला आल्यासारखा दिसत होता. ते पोचण्याआधी मी इंजिन गरम करायला चालू केलं होतं. आणि डाव्या सीटवर बाबा बसले होते, माकडटोपी आणि शाल घेऊन, पाय पेटीखाली धरून.

दादानं माझ्याकडे पाहिलं. तो गाडीच्या दाराशी उकिडवा बसला. सूट चुरगळतोय याचीही त्यानं पर्वा केली नाही, तेवढं मी त्याच्या बाजूनं लिहितो.

“बाबा,” तो म्हणाला, “प्लीज. पुढच्या वर्षी नक्की. आपण दोघंच जाऊ.”

“हीटर चांगला चालतोय,” बाबा म्हणाले. “बघ, हात लाव.”

दादानं हात पुढे केला, पेटीखाली धरला. “हो,” तो म्हणाला. “मस्त आहे.”

“लावायचा कसा ते ड्रायव्हरला दाखव. डावीकडे बंद, उजवीकडे चालू. जोर लावायचा नाही.”

“हो, बाबा.”

“थोडा वेळ बसू दे. इंजिन अजून गरम व्हायचंय.”

दादा उकिडवाच राहिला. त्यानं घड्याळ बघितलं नाही असं दाखवत घड्याळ बघितलं. इंजिन केव्हाच गरम झालं होतं, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. शेवटी बाबा स्वतःच पाय बाहेर काढायला लागले. दादानं चटकन उठून दाराच्या वरच्या कडेखाली तळहात धरला, डोकं आपटू नये म्हणून. साहेब उतरताना धरतात तसा. बरीच वर्षं केल्यानं तो हात आपोआप तिथे जातो. बाबांनी त्याच्याकडे वर पाहिलं. उतरल्यावर त्यांनी सीटवर हात फिरवून सुरकुत्या नीट केल्या आणि आत गेले.

दुपारी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. माननीय पुढच्या सीटवर, खिडकीतून हात बाहेर, गळ्यात झेंडूचा हार. मागे दादाचं अर्धं तोंड. खाली दादाच्या बायकोनं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. बाबांनी मोबाइल लांब धरून फोटो पाहिला आणि परत दिला.

गाडी संध्याकाळी आली, ड्रायव्हर एकटाच. त्याच्या आधी दादाचा फोन आला होता. “अरे, तू काय रिपेअर केलं यार? कार्पेट पूर्ण ओला आहे. नशीब माननीयांच्या वेळेला नव्हता.”

मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. सांधा कोरडा, क्लिपा कोरड्या, पेटी कोरडी. कार्पेट मात्र खरंच ओलं होतं. त्यावर गुलाबाच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि जरबेराचा एक मोडका देठ पडला होता. मी ड्रायव्हरला विचारलं.

“सर, वो तो गुलदस्तों का पानी है,” तो फेटा सोडत म्हणाला. “नीचे गीला स्पंज लगा रहता है ना.”

“गुलदस्ते आगे क्यों रखे?”

“साहब तो गेट तक ही बैठे थे. फोटो हुई, फिर अपनी गाड़ी में निकल गए. सीट खाली थी, तो हमारे साहब ने फूल रखवा दिए. खाली सीट अच्छी नहीं लगती ना, जुलूस में.”

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. “हीटर चलाया?” त्यांनी विचारलं.

“नहीं, बाबूजी. हमारे साहब ने मना किया था. बोले, फूल मुरझा जाएँगे.”

बाबांनी मान हलवली. रिकामी जागा भरायला काय ठेवतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्यांनी ड्रायव्हरला चहा घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि मला कार्पेट काढून गच्चीच्या कठड्यावर वाळत घालायला सांगितलं.

दादाला समिती मिळाली, सदस्य म्हणून. तो पेढे घेऊन स्वतः आला होता. बाबांनी एक घेतला.

नंतरच्या एका रविवारी मी बाबांना म्हटलं, “चला, सूरजकुंडपर्यंत एक चक्कर मारून येऊ. ऊन छान आहे. तुम्ही पुढे बसा.”

“नको.”

“अहो, तुमच्यासाठीच तर एवढं दुरुस्त केलं.”

त्यांनी पेपर खाली केला. “तुझ्या शेजारी मी रोज बसू शकतो,” ते म्हणाले. “त्या दिवशी लोक बघणार होते.”

इतकी वर्षं त्यांची टिंगल ऐकून मी असा समज करून घेतला होता की त्यांना या गोष्टींचं काही वाटत नाही. मी स्वतःही तीच टिंगल करत आलो, ती मला त्यांच्याकडूनच मिळाली. त्यांची कशावर उभी होती ते मला आता कळलं. माझी कशावर उभी आहे, हा विचार मी त्या दिवशी केला नाही.

गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवावी लागते, नाहीतर बॅटरी उतरते. मी एकटाच निघालो. बाबांनी दारातून सांगितलं की हीटर लावून बघ, सांधा धरतो की नाही ते लांब पल्ल्यावर कळेल. मी लावला. सांधा धरून होता. फेब्रुवारी संपत आला होता, आणि बडखलच्या वळणापर्यंत इतकं गरम व्हायला लागलं की मला काच खाली करावी लागली.